जपानी विद्यापीठे: परदेशी विद्यार्थ्याची संध्याकाळ कशी ठरते

जपानमधील विद्यापीठात एक-दोन सत्रांसाठी दाखल होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला विषयांची यादी, वसतिगृहाचे नियम आणि आरोग्य विम्याचा अर्ज मायदेश सोडण्यापूर्वीच मिळतो. शेवटचा तास संपल्यावर आपले जपानी सहाध्यायी कोठे जातात आणि त्यांच्यासोबत कसे जावे, हे मात्र कोणत्याही माहितीपुस्तिकेत धडपणे सापडत नाही. वस्तुतः जपानी विद्यार्थ्यांशी खरी ओळख होते ती बहुतांशी सायंकाळीच. वर्षभर जपानमध्ये राहूनही केवळ इतर परदेशी विद्यार्थ्यांच्याच सहवासात दिवस काढून परतल्याची तक्रार जुनी आहे. तिचे मूळ कोणाच्या स्वभावापेक्षा तेथील वेळापत्रकात आणि संध्याकाळच्या अलिखित नियमांत अधिक आहे.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक जणांचा झाला आहे. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या एक लाखावर नेण्याचे उद्दिष्ट जपान सरकारने १९८३ मध्ये जाहीर केले आणि ते २००३ मध्ये गाठले. २००८ मध्ये तीन लाखांचे उद्दिष्ट ठरले. मे २०१९ मध्ये ही संख्या ३ लाख १२ हजार २१४ झाली. २०२३ मध्ये सरकारने २०३३ पर्यंत चार लाखांचे नवे लक्ष्य पुढे ठेवले. यांत चीन, नेपाळ आणि व्हिएतनाममधील विद्यार्थी सर्वाधिक असून भारतीयांची संख्या तुलनेने थोडी आहे. तथापि ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियो येथे झालेल्या भारत-जपान शिखर बैठकीत पाच वर्षांत दोन्ही देशांतील पाच लाख लोकांच्या ये-जा करण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. जपानी भाषेच्या अध्यापनाचे मोठे केंद्र असलेल्या पुण्यातून तसेच दिल्ली आणि शांतिनिकेतन येथून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा तर बरीच जुनी आहे.

विनिमय विद्यार्थी हा या मोठ्या संख्येतील एक लहान गट होय. तो मायदेशातील विद्यापीठाची नोंदणी कायम ठेवून सहा महिने किंवा वर्षभरासाठी येतो. पूर्ण पदवीसाठी आलेल्याला चुकण्यास आणि सावरण्यास चार वर्षे मिळतात. याच्यापाशी तेवढा अवधी नसतो.

एप्रिलमध्ये उघडणारी दारे

जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्या पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक विद्यापीठाच्या आवारात नवागतांना आपापल्या मंडळात ओढण्याची मोहीम चालते. तिला 'शिनकान' म्हणतात. ही मंडळे दोन प्रकारची असतात. 'बु' म्हणजे विद्यापीठाने मान्यता दिलेला, रोज सराव मागणारा आणि शिस्तीचा संघ. तर 'सर्कल' म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेले, तुलनेने सैल मंडळ. छायाचित्रण, गिर्यारोहण, चहाविधी, जाझ संगीत असे नाना विषय त्यांत असतात. काही टेनिस सर्कलांत चेंडूपेक्षा पेला अधिक वेळा उचलला जातो, हा जपानी विद्यार्थ्यांमधला जुना विनोद आहे.

या मोसमात नवागतांना अनेकदा जेवण फुकट असते. खर्च वरच्या वर्गांतील विद्यार्थी उचलतात. एप्रिल अखेरपर्यंत कोण कोणत्या मंडळात हे बहुधा ठरून जाते आणि पुढची तीन-चार वर्षे संध्याकाळचा सोबती तेथूनच मिळतो. आता भारत, युरोप किंवा अमेरिकेतून येणारे विनिमय विद्यार्थी पाहा. त्यांच्यापैकी पुष्कळ जण सप्टेंबरच्या अखेरीस, दुसऱ्या सत्राच्या आरंभी पोहोचतात. तोवर गट जमलेले, उन्हाळी शिबिर आटोपलेले आणि आपसातले विनोदही शिळे झालेले असतात. नव्या माणसाला कोणी नको म्हणत नाही. पण त्याला बोलावण्याचे काम नेमके कोणाचे, हे कोणीच ठरवलेले नसते.

त्यातून वाट नाही असे नव्हे. नोव्हेंबरच्या सुमारास बहुतेक विद्यापीठांत वार्षिक महोत्सव भरतो. त्या दिवसांत सर्कले आवारात खाद्यपदार्थांचे ठेले लावतात आणि त्यांना कांदा चिरणाऱ्या, फलक रंगवणाऱ्या, पहाटे तंबू ठोकणाऱ्या हातांची निकड असते. ऑक्टोबरमध्ये कामाला लागलेला परदेशी विद्यार्थी महोत्सवानंतरच्या श्रमपरिहाराला, म्हणजे 'उचिआगे'ला, पाहुणा म्हणून नव्हे तर वाटेकरी म्हणून बसतो. जपानी समूहजीवनात एकत्र राबल्यानंतर ओळखीला जी गती येते ती नुसत्या गप्पांनी येत नाही. त्यामुळे शरद ऋतूत आलेल्यासाठी एप्रिलच्या खालोखाल हाच खरा प्रवेशमार्ग म्हणावा लागेल.

निमंत्रण, होकार आणि हिशेब

सायंकालीन मेळाव्याचे रूढ नाव 'नोमिकाई', शब्दशः पिण्याची सभा. ती भरते 'इझाकाया'त, म्हणजे मद्यासोबत लहान लहान पदार्थ देणाऱ्या उपाहारगृहात. बाहेरून ती मनमुराद वाटली तरी तिची आखणी सत्यनारायणाच्या पूजेइतकी क्रमबद्ध असते.

प्रत्येक नोमिकाईला एक 'कांजी', म्हणजे व्यवस्था पाहणारा, असतो. तो 'लाईन' या संदेशसेवेवरील गटात तारखा कळवतो, अमुक दिवसापर्यंत उत्तरे मागवतो, माणशी ठरलेल्या दराने जागा राखून ठेवतो आणि शेवटी पैसे गोळा करतो. २०११ मध्ये सुरू झालेली ही सेवा जपानी विद्यार्थ्यांच्या व्यवहारात इतकी मुरली आहे की, गटात नाव नसणे म्हणजे निमंत्रण नसणे. पहिल्या भेटीतच गटात घेण्याची विनंती करणे तेथे आगाऊपणाचे मानले जात नाही. अनेक परदेशी विद्यार्थी संकोचाने ती करत नाहीत आणि आपल्याला टाळले जात आहे असा समज करून घेतात.

होकार-नकाराची भाषाही समजून घ्यावी लागते. आपल्याकडचे "बघतो, जमल्यास येतो" हे उत्तर कांजीला अडचणीत टाकते, कारण त्याने ठरवलेल्या संख्येचे पैसे उपाहारगृह मागू शकते. ऐन वेळी न येण्याला जपानी तरुण 'दोताक्यान' म्हणतात आणि तो अपराध सहसा विसरला जात नाही. उलट एखादा जपानी मित्र "जमले तर येईन" अशा अर्थाचे 'इकेतारा इकु' म्हणाला, तर तो बहुधा येणार नाही असे समजावे. ओसाका-क्योतोकडे तर हे जवळजवळ नकाराचेच सभ्य रूप आहे.

ठरलेल्या दरात दीड-दोन तास हवे तेवढे पेय देण्याच्या पद्धतीस 'नोमिहोदाई' म्हणतात. खाद्यपदार्थांसह हा दर साधारणतः माणशी ३००० ते ४००० येन पडतो. जपानमधील किमान वेतनाची राष्ट्रीय सरासरी २०२४ मध्ये तासाला १०५५ येन होती; म्हणजे एका संध्याकाळची किंमत तीन-चार तासांच्या मजुरीएवढी झाली. अल्पमुदतीच्या विनिमय विद्यार्थ्यांना 'जासो' या संस्थेकडून मिळणारी शिष्यवृत्ती अनेक वर्षे दरमहा ८०००० येन राहिली आहे. खोलीभाडे वजा जाता आठवड्याला एक नोमिकाई परवडत नाही, हे सांगायला हिशेबनीस नको. तेव्हा निवड करावी लागते, आणि निवडायचे झाल्यास पहिली, महोत्सवानंतरची आणि डिसेंबरमधील वर्षअखेरीची 'बोनेनकाई' या तीन चुकवू नयेत, असे म्हणता येईल.

पैसे देण्याच्या रीतीचा गोंधळ मराठी विद्यार्थ्याला विशेष जाणवतो. आपल्या महाविद्यालयांतील 'टीटीएमएम', म्हणजे तुझे तू माझे मी, याचा तेथील 'वारिकान'शी घोळ होतो. वारिकानमध्ये एकूण रकमेचे समान भाग पडतात. ज्याने दोन पेले संत्र्याचा रस घेतला त्याचा वाटाही इतरांएवढाच. वरच्या वर्गातील विद्यार्थी, म्हणजे 'सेंपाई', बहुधा थोडे अधिक देतात आणि कनिष्ठांना, 'कोहाई'ना, सवलत मिळते. विनिमय विद्यार्थी या उतरंडीत नेमका कोठे बसतो, हे त्याचे वय आणि मायदेशातील वर्ष पाहून जागच्या जागी ठरवले जाते. बसल्याबरोबर न मागता येणारी छोटी वाटी, 'ओतोशी', तिचेही पैसे लागतात. तो जागेच्या आकाराचाच एक प्रकार असतो, फसवणूक नव्हे. बक्षिसी मात्र कोठेच द्यावी लागत नाही.

न पिणाऱ्याचे स्थान

भारतीय घरांतून पहिला प्रश्न हाच येतो. मद्य न घेणाऱ्याला या संध्याकाळीत जागा आहे काय?

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. अल्पवयीनांच्या मद्यपानावर बंदी घालणारा कायदा जपानमध्ये १९२२ मध्ये झाला. एप्रिल २०२२ पासून सज्ञान होण्याचे वय २० वरून १८ वर आले, तरी मद्य आणि तंबाखूसाठी किमान वय २० वर्षेच ठेवण्यात आले. मायदेशातील नियम काहीही असला तरी एकोणीस वर्षांच्या विनिमय विद्यार्थ्यास तेथे मद्य घेता येत नाही. उपाहारगृहे वयाचा पुरावा मागतात. परदेशी नागरिकाने निवासपत्र सदैव जवळ बाळगणे तसेही बंधनकारक आहे.

रूढीची बाजू एवढी सरळ नव्हती. एका दमात पेला रिकामा करायला लावणारी 'इक्की, इक्की' ही आरोळी १९८५ मध्ये त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांत गणली गेली. पुढे विद्यापीठांतील अशा पिण्याने मृत्यू होऊ लागले, तेव्हा मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये या प्रथेविरुद्ध परिषद स्थापन झाली. दर वसंतात नवागतांसाठी ती मोहीम चालवते. मद्यासंबंधीचा छळ या अर्थी 'आरुहारा' हा शब्द या चळवळीने रुजवला. तिने सांगितलेल्या छळाच्या पाच प्रकारांत पिण्याची सक्ती आणि एका दमात पिण्यास लावणे यांबरोबरच न पिणाऱ्याचा विचार न करणे हाही आहे. मद्यविरहित पेय उपलब्ध न ठेवणे त्यात मोडते. म्हणजे "मी घेत नाही" असे सांगणारा परदेशी विद्यार्थी रसभंग करत नसून आता सर्वमान्य झालेला हक्कच बजावत असतो.

शिवाय काळही बदलला आहे. जपानी तरुणांचे मद्यपान इतके घटले की करउत्पन्नाची काळजी वाहणाऱ्या राष्ट्रीय कर संस्थेने २०२२ मध्ये २० ते ३९ वयोगटात मद्याची मागणी कशी वाढवावी, यासाठी स्पर्धाच जाहीर केली. तीवर देशात पुष्कळ टीका झाली. आज टेबलावर दोन-तीन जण ऊलोंग चहा घेत बसलेले असणे अगदी सामान्य आहे.

खरे तर पेल्यात काय आहे यापेक्षा तो कसा धरला जातो याकडे अधिक लक्ष असते. सर्वांची पेये आल्याखेरीज कोणी घोट घेत नाही. मग 'कानपाई'चा उच्चार होतो आणि कनिष्ठाने आपला पेला ज्येष्ठाच्या पेल्यापेक्षा किंचित खाली ठेवून टेकवायचा असतो. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा रिकामा होऊ द्यायचा नाही. पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानाला "पुरे" म्हणत पानावर हात आडवा धरणाऱ्या मराठी पाहुण्यास हे समजायला वेळ लागू नये. तेथेही युक्ती तीच. पेला भरलेला ठेवला की आग्रह थांबतो.

शाकाहाराचा प्रश्न मद्यापेक्षा अवघड ठरतो. वरवर भाजीचा दिसणारा पदार्थही माशाच्या अर्कात, 'दाशी'त, शिजवलेला असू शकतो आणि थंड टोफूवरही सुकवलेल्या माशाचे कीस भुरभुरलेले असतात. कांजीने पदार्थांचा क्रम आधीच ठरवलेला असल्याने आयत्या वेळी सांगून उपयोग होत नाही. होकार कळवतानाच काय चालत नाही हे नेमके लिहावे लागते. नुसते "मी शाकाहारी आहे" म्हटल्यास मासे चालतील असा समज होणे शक्य असते, म्हणून मांस, मासे आणि माशाचा अर्क अशी नावे घेणे बरे. उकडलेल्या हिरव्या सोयाशेंगा आणि तळलेला बटाटा यांवर संध्याकाळ काढणारे भारतीय विद्यार्थी कमी नाहीत.

भाषेचा लाभ येथेच होतो. वर्गात शिकवली जाते ती 'देस-मास'ची सभ्य भाषा. दुसऱ्या पेल्यानंतर बरोबरीचे विद्यार्थी क्रियापदांची ती शेपटे गाळून बोलू लागतात. कोणाशी केव्हा अशी सलगी करायची आणि सेंपाईशी बोलताना ती कोठे थांबवायची, हे ऐकूनच कळते. मराठीत 'अहो'वरून 'अरे'वर येण्याचा क्षण जसा नियमात बांधता येत नाही, तसेच हे.

शेवटची गाडी

नोमिकाई दोन तासांत संपते, कारण पुढचे गिऱ्हाईक दाराशी उभे असते. त्यानंतर रस्त्यावर घोटाळणारा घोळका आणि मग 'निजिकाई', म्हणजे दुसरी बैठक. तिला न जाता निरोप घेणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. बहुधा ही बैठक कराओकेच्या खोलीत भरते. कोबे येथील दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये बनवलेल्या यंत्रापासून कराओकेचा प्रसार झाला असे मानले जाते. परदेशी विद्यार्थ्याने एखादे जपानी गाणे कसेबसे म्हटले तरी त्याचा जो गौरव होतो त्याला सुराशी काही देणेघेणे नसते. मद्यविरहित पेयावर येथे कोणाचेच लक्ष नसते, आणि लाजऱ्या विद्यार्थ्याला भाषेवाचून सामील होता येते.

घड्याळ मात्र सर्वांचे एकाच दिशेने लागलेले असते. टोकियोतील रेल्वे रात्री बाराच्या पुढेमागे थांबते आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होते. मार्च २०२१ मध्ये पूर्व जपान रेल्वेने राजधानी परिसरातील शेवटच्या गाड्या सुमारे अर्धा तास अलीकडे आणल्या. टॅक्सी महाग असल्याने 'शूदेन', म्हणजे शेवटची गाडी, चुकली की पहाटेपर्यंत कराओकेत किंवा रात्रभर उघड्या असणाऱ्या उपाहारगृहात बसणे हाच विद्यार्थ्यांचा उपाय. जपानी कुटुंबात राहणाऱ्यास हेही सोपे नसते. रात्रीच्या जेवणाला येणार नसल्यास ते सायंकाळपूर्वी कळवावे अशी अपेक्षा असते, आणि न कळवता ताट वाया गेल्यास बोलून न दाखवताही घरातील मंडळी ते मनाला लावून घेतात.

सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी नियम अलीकडेच कडक झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून मद्याच्या अंमलाखाली सायकल चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. अशा व्यक्तीला मद्य किंवा सायकल पुरवणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. टोकियोच्या शिबुया विभागात ऑक्टोबर २०२४ पासून स्थानकाच्या परिसरात सायंकाळी सहा ते पहाटे पाच या वेळेत रस्त्यावर मद्यपान करण्यास बारमाही मनाई आहे. रात्रीच्या वस्त्यांत हात धरून दुकानात नेऊ पाहणाऱ्या दलालांमागे जाऊ नये, हे तर जपानी पोलीसही सतत बजावतात.

रात्रीच्या कामाबाबतही दक्षता हवी. विद्यार्थी निवासपरवान्यावर असलेल्यास वेगळी अनुमती घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते. इझाकायात ताटे उचलण्याचे काम त्यात बसते, आणि भाषेचा सराव म्हणून ते उत्तमच. परंतु गिऱ्हाइकांशेजारी बसून मनोरंजन करण्याचे बार किंवा पाचिन्कोची जुगारवजा दुकाने येथे कोणतेही काम, अगदी भांडी घासण्याचेही, निषिद्ध आहे. नियमभंगाने निवासपरवाना धोक्यात येतो.

टोकियोबाहेरच्या संध्याकाळी

जपानी विद्यार्थिजीवनाचे चित्र टोकियोवरून रंगवले जाते आणि ते अपुरे असते. क्योतोमध्ये कामो व ताकानो या नद्या जेथे मिळतात त्या त्रिकोणी काठावर विद्यार्थी उबदार महिन्यांत चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून आणलेले खाणे घेऊन बसतात. नदीतील दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाणे हीच करमणूक, आणि खर्च शे-दोनशे येनांचा. साप्पोरोतील होक्काइदो विद्यापीठात हिरवळीवर मेंढीचे मांस भाजण्याचे मेळावे प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात तेच मित्र बर्फामुळे कोणाच्या तरी खोलीत गरम रश्श्याच्या पातेल्याभोवती जमतात. क्युशू बेटावरील बेप्पू येथे २००० मध्ये सुरू झालेल्या रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठात सुमारे निम्मे विद्यार्थी परदेशी आहेत. तेथे 'परदेशी' हा वेगळा गट उरतच नाही. डोंगरावरील आवारातून बसने गावात उतरून गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात जाणे, ही त्यांची नेहमीची संध्याकाळ. कपडे उतरवून अनोळखी लोकांत स्नान करण्याचा संकोच भारतीय विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी फार होतो. टिकला तर दुसऱ्या खेपेपर्यंत टिकतो.

ज्यांना हे सारे जड वाटते त्यांच्यासाठी काही औपचारिक सोयीही आहेत. अनेक विद्यापीठे नवागत परदेशी विद्यार्थ्यास एक जपानी 'ट्यूटर' नेमून देतात. त्याचे काम नोंदणीचे अर्ज भरण्यास मदत करणे एवढेच असले, तरी आपल्या सर्कलच्या गटात नाव घालून देऊ शकणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच असते. अर्ज भरून झाल्यावर तिच्याशी संपर्क संपवणे ही महागात पडणारी काटकसर ठरते.

२०२० पासूनच्या महासाथीत ही व्यवस्था किती नाजूक आहे ते दिसले. सीमा बंद झाल्याने असंख्य विनिमय विद्यार्थी मायदेशातूनच संगणकावर जपानी वर्गांना बसले. नव्या विद्यार्थ्यांना मोठ्या प्रमाणावर प्रवेश मिळू लागला तो मार्च २०२२ पासून. मधल्या काळात उपाहारगृहे रात्री आठला बंद करण्याचे आवाहन होते आणि २०२१ मध्ये काही महिने मद्य देणाऱ्या ठिकाणांना व्यवसायच थांबवण्यास सांगितले गेले. शिनकान, शिबिरे, बोनेनकाई सारेच थांबले. वर्गांची भरपाई पडद्यावर झाली. संध्याकाळची झाली नाही.

विनिमय विद्यार्थी बहुधा फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये परततात. त्यापूर्वी 'सोबेत्सुकाई', म्हणजे निरोपाची नोमिकाई, होते आणि जाणाऱ्याला 'शिकिशी' नावाचा चौकोनी जाड पुठ्ठा भेट मिळतो. मध्यभागी त्याचे नाव, भोवती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन-चार ओळी. त्या दिवशी कांजी त्याच्याकडून वर्गणी घेत नाही.